कोरड्या विहिरीचं शून्य

दानेश्वरीनं ठरवून टाकलं होतं की हा मे महिना शेवटचा. यापुढे प्लगिन नाही, त्याच्या नव्या आवृत्त्या नाहीत आणि परदेशातून येणाऱ्या मेलना उत्तरंही नाहीत. अकरा वर्षं लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या होत्या, आता तवा उतरवायचा.

प्लगिन म्हणजे काय हे नातेवाइकांना समजावताना तिच्या नाकी नऊ यायचे. शेवटी ती मिक्सरचं उदाहरण द्यायची. मिक्सर मोठ्या कंपनीचा, आणि त्यावर बसणारं एक जादा भांडं आपण बनवलेलं. मिक्सर म्हणजे शास्त्रज्ञांचं ते सॉफ्टवेअर. त्यात आकड्यांचे ढीग घातले की पडद्यावर रंगीत चित्र उभं राहतं आणि ते चारी बाजूंनी फिरवून बघता येतं. दानेश्वरीचं भांडं विहिरींची मापं घ्यायचं आणि जमिनीखालचं पाणी दाखवायचं. पाणी वर असेल तिथं निळं, खोल गेलं असेल तिथं तपकिरी. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागात ती प्रोग्रामर होती, आणि हे काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, त्याचा अर्थ तिला आता नीट कळला होता.

मिक्सरवाले दर सहा महिन्यांनी मिक्सर बदलायचे आणि हिचं भांडं बसेनासं व्हायचं. मग सुट्टीचे दिवस त्याच्या खाचा घासण्यात जायचे. जर्मनीतून, ब्राझीलमधून मेल यायचे. 'लवकर दुरुस्त करा' हे प्रत्येकात असायचं, 'कशा आहात' हे एकातही नसायचं. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी तिची मान दुखायची, डोळे चुरचुरायचे, आणि सकाळी होटगी रोडवरून कॉलेजला येतानाच तिला घरी परतायची ओढ लागलेली असायची.

त्या सोमवारी दुपारी, कूलर नुसतीच गरम हवा ढकलत असताना, ती निरोपाचा मेल लिहायला बसली. दोन ओळी झाल्या आणि फोन वाजला. दुधनीच्या पुढच्या एका खेड्यातल्या बनाबाई होत्या. आसपासच्या अडतीस गावांत महिन्यातून एकदा विहिरींची मापं घेणारी माणसं कॉलेजनं नेमली होती, त्यांतल्या ह्या एक. साठीच्या पुढच्या, पण वजन बांधलेली टेप विहिरीत सोडून पाणी किती खाली आहे ते मोबाइलवर भरायचं काम चार वर्षांत एकदाही न चुकवलेल्या.

"मॅडम, टँकर बंद झाला की ओ," बनाबाई म्हणाल्या. "सायेब म्हनत्यात, तुमच्या गावात पानी हाय, चित्रात निळं दिसतंय. आन् गावातल्या बाया म्हनत्यात, बनाबाईनंच कायतरी लिवलं."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. आजवर टँकर कुठं पाठवायचा हे साहेब गावात येऊन, विहिरीत डोकावून ठरवायचे. यंदापासून कॉलेजचं चित्र बघून ठरायला लागलं होतं. नळाला पाणी नाही, अकरांपैकी नऊ विहिरी कोरड्या, आणि बनाबाईंशी चार दिवस कुणी बोलत नव्हतं. शेजारणीनं तर घागर भरून द्यायलाही नकार दिला होता. शुक्रवारी तालुक्याच्या कचेरीत टँकरची पुन्हा बैठक होती. त्या आधी चित्रात काय चुकलं ते मॅडमनी लेखी दिलं तर बरं होईल, एवढंच बनाबाईंचं मागणं होतं.

बघते म्हणून दानेश्वरीनं फोन ठेवला. चूक आपल्या प्लगिनमध्ये असेल असं तिला क्षणभरही वाटलं नाही. अकरा वर्षांत त्यानं पुष्कळ दगा दिला होता, पण दर वेळी ते सरळ बंद पडायचं. खोटं कधी बोललं नव्हतं.

तिनं मे महिन्याचं चित्र उघडलं. आजूबाजूला सगळं तपकिरी आणि मध्ये बनाबाईंचं गाव तळ्यासारखं निळंशार. तिनं एकेका विहिरीचा आकडा तपासला. नऊ विहिरींपुढे शून्य होतं; आजूबाजूच्या गावांत तळाशी थोडंफार पाणी होतं, तिथले आकडे बरोबर खोल होते. शून्य म्हणजे पाणी जमिनीपासून शून्य मीटर खाली, म्हणजे विहीर काठोकाठ भरलेली. पाणी नाही म्हणून बाईंनी शून्य भरलं, हे उघडच होतं. तिला बनाबाईंचा राग आला. चार वर्षं टेप सोडतात आणि एवढं कळू नये!

तरी खात्री करावी म्हणून तिनं प्लगिनचा कोड उघडला. आकडे वाचण्याची जागा सापडली, आणि तिथंच तिनं स्वतःसाठी लिहून ठेवलेली एक ओळ दिसली. 'कोरडी विहीर = शून्य असं सांगितलं आहे. वेगळा खूण-आकडा देणे. नंतर बघू.' खाली चार वर्षांपूर्वीची तारीख.

मग तिला सगळं आठवलं. अक्कलकोटच्या एका हॉलमधलं ते प्रशिक्षण. आदल्याच दिवशी नवा मिक्सर आला होता आणि भांडं फुटलं होतं. ती तशीच एसटीनं गेली होती. मोबाइलवरचा फॉर्म रिकामा रकाना घेत नव्हता, आणि रिकामा रकाना आला की प्लगिनही बंद पडायचं. कुणीतरी मागून विचारलं होतं, विहीर कोरडी असली तर काय भरायचं? उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं ती म्हणाली होती, शून्य भरा. अडतीस गावांनी ते वहीत उतरवून घेतलं. मधली वर्षं बऱ्या पावसाची होती. एखाददुसरं शून्य आजूबाजूच्या आकड्यांत विरघळून जायचं, म्हणून कुणाच्या नजरेत आलं नाही. मघाशी बनाबाईंवर आलेला राग आता कुठं न्यावा हे तिला समजेना.

संध्याकाळी ती विभागप्रमुखांकडे, सिद्धाराम सरांकडे गेली. सर वाईट माणूस नव्हते. दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्या माणसाला जेवढी शांतता हवी असते तेवढीच त्यांना हवी होती. ते म्हणाले, प्रशिक्षणाच्या माहिती पुस्तिकेत शून्याचं कुठं छापलंय का? नाही ना? मग निरीक्षकाकडून नोंद चुकली, दुरुस्ती केली, असं दोन ओळींत लिहून टाका. टँकर सुरू होईल, प्लगिनचं नाव राहील, कॉलेजचंही राहील.

"आणि बनाबाईंचं?" दानेश्वरीनं विचारलं.

सरांनी चष्मा पुसला. "त्यांच्या जागी दुसरं कुणी बघू की."

चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार होता, आणि तो किती सोपा होता हेही तिला दिसत होतं. खरं सांगायचं तर तिला मोह झाला. दोन ओळी लिहायच्या, निरोपाचा मेल पुरा करायचा आणि घरी जाऊन पाठ टेकायची. परत येऊन तिनं त्या दोन ओळी टाइपही केल्या. वाचल्या. मग खोडून टाकल्या, आणि जे झालं होतं ते जसंच्या तसं लिहिलं: शून्य भरायला मी सांगितलं, प्लगिनमध्ये त्याची सोय मी केली नाही, निरीक्षकांची नोंद सूचनेप्रमाणेच आहे, म्हणून यंदाचं चित्र टँकरसाठी वापरू नये. खाली पूर्ण नाव आणि सही. दुसऱ्या दिवशी ते तिनं स्वतः कचेरीत नेऊन दिलं, आणि एक प्रत बनाबाईंच्या ग्रामपंचायतीला, फलकावर लावा म्हणून पाठवली. सर त्यानंतर तिच्याशी फक्त कामापुरतं बोलू लागले.

शनिवारी गावात टँकर आला. पण तिचं काम तिथून पुढं सुरू झालं. तिला वाटलं होतं, सगळी शून्यं कोरडी धरणारी एक ओळ कोडमध्ये घातली की मोकळं. तसं होणार नव्हतं. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या विहिरी खरोखर काठोकाठ भरतात, आणि त्यांचंही शून्यच. चार वर्षं, अडतीस गावं, सहाशेच्या वर शून्यं. कुठलं भरलेलं आणि कुठलं कोरडं, हे कॉम्प्युटरला सांगता येणार नव्हतं. ज्यानं टेप सोडली त्यालाच विचारावं लागणार होतं, एकेक करून, फोनवर. निरोपाचा मेल दोन ओळींवरच राहिला.

सोमवारी सकाळी तिनं पहिला फोन बनाबाईंना लावला. आधी पत्राचं सांगून माफी मागितली. बनाबाई म्हणाल्या, फलकावरचं सरपंचांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, शेजारीण काल स्वतःहून घागर घेऊन आली, आता तो विषय सोडा. मग दोघी कामाला लागल्या. दानेश्वरी तारीख आणि विहीर वाचायची, बनाबाई वही न बघता सांगायच्या. कोरडी. कोरडी. भरल्याली, त्या साली सप्टेंबरात ओढा आला हुता. कोरडी.

विसाव्या-बाविसाव्या शून्याला दानेश्वरी थांबली. भरलेल्या विहिरीलाही शून्य आणि कोरडीलाही शून्य, हे कसं काय, असं कधी मनात आलं नाही का, तिनं विचारलं.

"आलं की," बनाबाई म्हणाल्या. "तितं हॉलमधीच आलं. मी इचारायला हात बी वर केला हुता. पर तुमी लई दमल्याल्या दिसत हुता, मॅडम. डोळं लाल झाल्यालं. म्हटलं, कशाला आनी तरास द्यायचा त्या पोरीला."

अकरा वर्षांत त्या प्लगिनपायी ती किती दमली हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, असं दानेश्वरी धरून चालली होती. तिनं यादीतल्या पुढच्या शून्यावर बोट ठेवलं. पलीकडे बनाबाई वाट बघत होत्या.

"पुढची विहीर घेऊ, मावशी," ती म्हणाली. "आणि शंका आली की आता विचारत जा. मी दमलेली असले तरी."