संपली म्हणून सांगितलेली लस

लशीची बाटली एकदा फोडली की तिचं आयुष्य काही तासांचं. उरलेली लस संध्याकाळी टाकून द्यायची, असा नियम. पण टाकतो कोण? आरोग्य केंद्र बंद व्हायच्या सुमाराला फोन फिरायचे आणि कुणाचा साडू, कुणाची मेहुणी मागच्या दाराने बाह्या सरसावत हजर. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसणाऱ्याचंही पान भरतं.

त्या दिवशी बाटलीत चौघांपुरती लस उरली आणि सिस्टरच्या थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. "आमच्या चौघांचं ठेव गं. निघतोच आहोत."

एरवी जाऊबाई तिच्या नोकरीला 'सुया टोचायचं काम' म्हणायच्या. आज आवाजात लोणी होतं. सिस्टरची मान ताठ झाली.

तेवढ्यात धुलाईवाली मावशी दारात आली. केंद्रातल्या, रोग्यांखालच्या चादरी तीच धुवायची. मळकं गाठोडं काखेत.

"सिस्टर, आज तरी टोचा. लेकीचे दिवस भरलेत. लस घेतल्याशिवाय व्याही घरात घेणार नाहीत म्हणतात. उद्या पहाटे निघायचंय."

"फोनवर नाव नोंदवलंय?"

"फोन कुठला? माझ्याकडे इस्त्री आहे. तिच्यावर नोंदवता येत असेल तर सांगा."

सिस्टर हसली. जाऊबाईंची नावं तरी कुठे नोंदवलेली होती? तरी म्हणाली, "संपली हो मावशी. आत्ताच."

"असू द्या. तुमच्या हातात थोडंच आहे," म्हणत मावशी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायला मागे गेली.

हातातच होतं. बर्फाच्या डब्यात, कोपराजवळ.

सिस्टर वाट बघत राहिली. बाटलीची वेळ टळली, तेव्हा कुठे जाऊबाईंचा फोन आला. "अगं, राहू दे आता. ती दुसरी लस भारी म्हणे. तीच घेऊ."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "टाका ती. आणि वाया का गेली ते लिहून ठेवा. उद्या बैठक आहे, पुढच्या साथीसाठी काय शिकलो त्याची. लिहा, लोक घाबरतात, येतच नाहीत."

सिस्टरने मान डोलावली. डोलावली! बाटली हातात धरून.

"मी आले होते की, डॉक्टरसाहेब." चादरींची चवड घेऊन मावशी दारात उभी होती.

"तुम्हाला नाही हो, मी लोकांबद्दल बोलतोय," डॉक्टर म्हणाले आणि चपला घालायला लागले.

मावशीने बाटलीकडे बघितलं, मग सिस्टरकडे. शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. तिने चवड पलंगावर ठेवली, वरच्या चादरीची सुरकुती हाताने मोडली.

"चार दिवस येणार नाही, सिस्टर. लेकीच्या अंगणात बसेन. बाळ खिडकीतून तरी दाखवतील."

"बरं," सिस्टर म्हणाली. मग तिने बाटली टाकली आणि नोंदवही उघडली.