एकवीसच्या आत

"अठरा," राधेश्याम शेठ म्हणाले, आणि मिथुननं, त्याला शिकवलं होतं तसं, वर पंख्याकडे बघितलं.

वर पंखा नव्हता. केबिनमध्ये एसी होता.

या शक्यतेचा विचार गयासोद्दीननं केलेला नव्हता. अंबडच्या बसस्टँडसमोर गयासोद्दीनचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि मिथुन मिसरूड फुटल्यापासून तिथंच कामाला होता. तो जालन्याच्या बियाणे कंपनीत आयटी सपोर्टच्या जागेसाठी मुलाखतीला चाललाय हे ऐकून गयासोद्दीनला वाईट वाटलं. पण जातोच आहे तर निदान चांगल्या भावात जावा, म्हणून दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो मिथुनला पगाराची बोलणी शिकवायला बसायचा. तो स्वतः कंपनी व्हायचा. कंपनी झाला की पाय टेबलावर ठेवायचा. त्याची सगळी विद्या एवढीच होती: "आकडा आला का बोलायचं न्हाई, मियाँ. पंख्याकडं बघायचं. समोरचा आपोआप वर सरकतो. मी जुने मॉनिटर असेच इकले."

मिथुन आज्ञाधारक माणूस. त्यानं छताच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पंखा शोधला. याला बराच वेळ लागला. कंपनीचे मालक राधेश्याम शेठ यांचं अर्धं आयुष्य मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, भाव करण्यात गेलेलं. विकणारा गप्प बसला म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं.

"वीस," ते म्हणाले.

वीस हजार हा मिथुनच्या मते फार सुंदर आकडा होता. गयासोद्दीनकडे त्याला याच्या निम्मे मिळत, आणि तेही गयासोद्दीनला आठवले तर. पण या नोकरीत त्याला हवं होतं ते वेगळंच होतं. त्याला ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड पाहिजे होतं. त्याच्या आईला, बेबीनंदाबाईंना, संधिवात होता. हाताची बोटं एकेक करून आत वळत चालली होती. ऑपरेशन असतं तर सरकारी योजनेत बसलं असतं. पण डॉक्टर ऑपरेशन नको म्हणत होते; दर महिन्याला एक इंजेक्शन, कायम, असं म्हणत होते. ते कशातच बसत नव्हतं, मिथुनच्या पगारात तर नाहीच. कार्ड असलं की आईचा इलाज कार्डावर व्हायचा. फक्त कार्डाची एक अट होती. पगार महिना एकवीस हजारांच्या आत असला पाहिजे, फार तर बरोबर एकवीस.

मिथुन 'चालंल' म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात एसीतून पाण्याचा एक थेंब त्याच्या कपाळावर पडला. त्यानं वर बघितलं.

"साडेबावीस," शेठ म्हणाले. "आता वर बघू नको. याच्यावर मी जात न्हाई."

गयासोद्दीनची विद्या इतकी खरी निघेल असं मिथुनला वाटलं नव्हतं. त्यानं कपाळावरचा थेंब पुसला.

"न्हाई परवडत, शेठजी."

"साडेबावीस परवडत न्हाई? मंग काय पाहिजे तुला?"

"वीस."

शेजारी बसलेल्या साक्षी मॅडमचं पेन थांबलं. एचआरचं काम करताना त्यांनी लोकांना लॅपटॉप मागताना पाहिलं होतं, पेट्रोल मागताना पाहिलं होतं, एका उमेदवारानं तर मेहुण्यासाठीही नोकरी मागितली होती. पगार कमी करून मागणारा त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बसला होता. शेठांची अडचण आणखी मोठी होती. घेणारा वर जातोय आणि विकणारा खाली येतोय, असा सौदा त्यांनी तूर, सोयाबीन, सरकी यांपैकी कशातच बघितलेला नव्हता. याचा त्यांच्या हिशेबी एकच अर्थ होता. माल खराब आहे.

म्हणून त्यांनी माल तपासायला घेतला. पोलीस केस आहे का, विचारलं. आधीच्या मालकाशी भांडण झालं का, विचारलं. पितो का, विचारलं. मिथुन सगळ्याला नाही म्हणत गेला तसतसा शेठांचा संशय वाढत गेला. शेवटी ते पुढे वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांग. दुसऱ्या कंपनीनं पाठवलाय का तुला? आमच्या बियाण्याची माहिती चोरायला?"

मग मिथुननं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण हेर ठरण्यापेक्षा ते बरं होतं. आईची बोटं, इंजेक्शन, कार्ड, एकवीस हजारांची अट. सांगताना तो टेबलावरच्या की-बोर्डकडे बघत होता आणि आपण किती खालच्या आवाजात बोलतोय हे त्याला कळत नव्हतं.

शेठांनी साक्षी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, कंपनीचा मेडिक्लेम आहे, पण तो बायको-मुलांना लागतो, आईवडिलांना नाही. तुमचं लग्न झालंय का? मिथुन नाही म्हणाला. मग तो फक्त तुम्हालाच, असं मॅडम म्हणाल्या. मिथुन म्हणाला, मला काही होत नाही.

प्रश्न तिथंच सुटायला हवा होता. पण शेठ मोंढ्याचे. एकदा बोललेला भाव खाली आणला तर उद्या कोण विश्वास ठेवणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यामुळे बराच वेळ उलटी घासाघीस चालली. शेठ बावीस म्हणायचे, मिथुन साडेवीस म्हणायचा, शेठ साडेएकवीसवर आल्यावर मिथुननं हात जोडले. सौदा वीस हजार नऊशेवर ठरला. शेठ हरले होते आणि महिन्याला सोळाशे रुपये वाचले होते, आणि यातलं नेमकं कशाचं वाईट वाटून घ्यावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

साक्षी मॅडमनी मग हळूच सांगितलं की एकवीसच्या आत आयटी एक्झिक्युटिव्हची जागाच नाही; शेठांनी अठरा म्हटलं ते मोंढ्याच्या सवयीनं. त्या पगारात 'हेल्पर' लिहावं लागेल. हेल्परला निळा शर्ट, कँटीनमध्ये हमालांच्या बाजूला जेवण, व्हिजिटिंग कार्ड नाही. मिथुन बरं म्हणाला. मॅडमना काहीतरी द्यावंसं वाटत होतं. त्यांनी मोबाइलचं बिल देऊ का विचारलं. ते पगारात धरतात का, असं मिथुननं विचारलं. बघावं लागेल, असं मॅडम म्हणाल्यावर त्यानं ते नको म्हटलं. तेवढ्यात चहा आला. मिथुननं कपाकडे बघितलं आणि मॅडमकडे बघितलं.

"चहा न्हाई धरत," शेठ म्हणाले. "पी."

नोकरी चांगली होती. प्रिंटर अडला की मिथुनला बोलवायचे, पासवर्ड विसरला की मिथुनला बोलवायचे, आणि कॉम्प्युटर चालू होईना म्हणून बोलवल्यावर निम्म्या वेळा तो बटण दाबायचा. एक्झिक्युटिव्ह लोक त्याला सर म्हणायचे आणि जेवायच्या सुट्टीत तो हमालांमध्ये जाऊन बसायचा. हमालांना वाटे, याला वर काहीतरी शिक्षा झालेली आहे. त्यांनी कधी विचारलं नाही. भाजी मात्र आधी त्याच्या ताटात वाढायचे.

महिन्यातून एकदा तो आईला अंबडहून घेऊन यायचा. इंजेक्शन व्हायचं, दोघं बसस्टँडवर भजी खायचे आणि आई परतीच्या बसमध्ये बसायची. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत बेबीनंदाबाई स्वतःची वेणी स्वतः घालायला लागल्या. ही गोष्ट त्यांनी गल्लीत प्रत्येकीला दाखवली. काही जणींना दोनदा.

दर एप्रिलला शेठ मिथुनला केबिनमध्ये बोलवायचे आणि तो खेळ सुरू व्हायचा. शेठ तेवीस म्हणायचे. मिथुन नको म्हणायचा. पहिल्या वर्षी शेठ शंभर रुपयांनी जिंकले आणि पगार बरोबर एकवीस हजार झाला. त्यानंतर मिथुन हलला नाही. शेठ वर्षभर सगळ्या व्यवहारांत जिंकायचे आणि एप्रिलात या एका माणसाकडून हरायचे. साक्षी मॅडमचं म्हणणं असं, की ते मार्चपासूनच वाट बघत.

तोटे होते. राजूरहून एक स्थळ आलं होतं. मुलगी शिकलेली, घर चांगलं. मुलीच्या वडिलांनी सरळ विचारलं, इतकी वर्षं काम करता, पगार वाढत का नाही? मिथुन खरं बोलणारा. म्हणाला, मीच वाढू देत नाही. चहा संपायच्या आत बैठक संपली.

आईला अटीचं काही माहीत नव्हतं; बैठकीच्या वेळीही त्या आत चुलीपाशी होत्या. त्यांना एवढंच दिसत होतं की पोरगं सकाळच्या बसनं जातं, अंधार पडल्यावर येतं, आणि शेठ त्याला वाढवून देत नाही. हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून एकदा इंजेक्शन झाल्यावर, बसस्टँडवर मिथुननं त्यांना बसमध्ये बसवून दिल्यावर, त्या उतरल्या. रिक्षा केली आणि कंपनीत आल्या.

मिथुन त्या वेळी शेठांच्या टेबलाखाली होता. प्रिंटरची वायर उंदरानं कुरतडली होती, ती तो बदलत होता. दार उघडल्याचा आवाज आला, मग ओळखीच्या चपला दिसल्या. त्यानं बाहेर यायचा विचार केला आणि तो विचार सोडून दिला.

बेबीनंदाबाईंनी आपण कोण ते सांगितलं, शेठांनी बसा म्हटलं, त्या बसल्या नाहीत.

"शंभर रुपये वाढवले म्हणं तुम्ही," त्या म्हणाल्या. "इतक्या सालात शंभर. शंभरात काय येतंय, शेठ? आमच्या गल्लीतलं पोरगं मेडिकलच्या दुकानात हाय, त्याला बी दर साली वाढ हाय. माझं लेकरू तोंड उघडून मागत न्हाई, मंग तुम्ही समजून घ्यायचं का न्हाई? गरीब हाय म्हणून असं दाबून ठेवायचं व्हय?"

शेठांनी टेबलाखाली नजर टाकली. टेबलाखालून मिथुननं मान हलवली. सांगू नका, अशी. त्याच्या हातात वायरीचं टोक तसंच होतं.

राधेश्याम शेठांना त्यांच्या केबिनमध्ये कोणी असं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. काच होती, बाहेर सगळं ऑफिस बघत होतं. शेठ उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"चुकलं माझं, बाई," ते म्हणाले. "ध्यानात न्हाई आलं."

"मंग आता आणा ध्यानात."

"आणतो."

बाईंनी पदर सारखा केला, दारापाशी गेल्या आणि वळून म्हणाल्या, मी आल्ते म्हणून त्याला सांगू नका, त्याला राग येतो. शेठ म्हणाले, न्हाई सांगत. दार बंद झालं. मग शेठ खाली न बघताच म्हणाले, "वायर झाली का?"

"होऊन राह्यली, शेठजी."

बेबीनंदाबाई या फेब्रुवारीत गेल्या. दुखण्यानं नाही. दुपारी दोरीवरचे कपडे काढता काढता ओट्यावर बसल्या आणि उठल्या नाहीत. चिमटे मुठीत होते. शेजारणी नंतर हेच सांगत राहिल्या की मूठ कशी घट्ट मिटली होती, शेवटी शेवटी काय ताकद आल्ती बाईच्या हातात. पुण्यानुमोदनाला गयासोद्दीन सकाळपासून पाणी वाटत होता. राधेश्याम शेठ जालन्याहून आले, सतरंजीवर मांडी घालून बसले, वंदना चालू होती तोवर सगळ्यांबरोबर हात जोडून होते. जाताना त्यांनी मिथुनचा खांदा दाबला.

एप्रिल आला. साक्षी मॅडमनी नेहमीसारखं मिथुनला बोलावलं. शेठ नेहमीसारखे खुर्चीत पुढे सरकले.

"पंचवीस," ते म्हणाले. खाली यायला जागा राहावी म्हणून ते अलीकडे वरूनच सुरुवात करायचे. सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"बरं," मिथुन म्हणाला.

मॅडमनी कागदावरून मान वर केली नाही. एवढ्या वर्षांत शेठांच्या तोंडावर पहिल्यांदाच सौदा जिंकल्यासारखं काही दिसायला हवं होतं, ते दिसलं नाही.

"थोडा खाली ये ना," शेठ म्हणाले.

"आता काय करू खाली येऊन, शेठजी."

शेठांनी मान हलवली. मॅडमनी पंचवीस लिहिले आणि त्यापुढे एक्झिक्युटिव्ह लिहिलं. मिथुननं आभार मानले. शेठांच्या कॉम्प्युटरवर एक जुना एरर कधीपासून येत होता, तो जाता जाता त्यानं घालवला आणि बाहेर आला.

बातमी त्याच्या आधी बाहेर पोचली होती. एक्झिक्युटिव्ह लोकांनी पेढे मागितले, हमालांनी तर खांद्यावरच उचलला. मिथुन सगळ्यांना हो म्हणाला आणि दुपारी नाक्यावरच्या दुकानात गेला. अर्धा किलो सांगितले.

"काय खुशखबर?" दुकानदारानं तागडीत पेढे टाकता टाकता विचारलं.

"पगार वाढला."

"वा. किती दिवसांनी?"

मिथुननं खरंच थोडा विचार केला. मग म्हणाला, लई दिवसांनी.

दुकानदारानं एक पेढा कागदाच्या कपट्यावर ठेवून आधी त्याच्यापुढे धरला. तोंड गोड करा साहेब, म्हणाला. मिथुननं तो तिथंच उभ्यानं सावकाश खाल्ला. पेढा ताजा होता. त्यानं दुकानदाराला तसं सांगितलं.