कुलूपवाली थैली आणि चारची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी टपालथैली आहे. जाड चामड्याची, पितळी कुलपाची. कुलूप पाहून ओळखलंच असेल, माझा जन्मच मुळी संशयातून झाला. इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या एका खोगीर शिवणाऱ्याने मला लॉर्ड ऑल्डस टॅरंट यांच्या हवेलीसाठी घडवलं. घराणं चारशे वर्षांचं, पण छप्पर गळू लागलं तसा साहेबांनी बिस्किटांचा कारखाना काढला. आसपासचे उमराव त्यांना पाठीमागे 'बिस्किटवाले लॉर्ड' म्हणून हसत. साहेबांच्या कानावर ते आलं, आणि तेव्हापासून त्यांचा कोणावरच विश्वास राहिला नाही.

माझ्या किल्ल्या दोनच. एक साहेबांच्या घड्याळाच्या साखळीला, दुसरी गावच्या टपालघरात मिस पेटिफरकडे; ती घरची पत्रं माझ्यात भरून कुलूप लावी. न्याहारीला साहेब मला उघडत, प्रत्येक पाकिटावरचं अक्षर निरखत आणि मगच ते ज्याचं त्याला देत. मीही त्यांच्याच वळणावर गेले. बटलर ग्रिमली मला जरा जास्तच हळू उचलतो, असं मला उगाचच वाटे.

मग त्यांची मुलगी सेसिली कारखान्याच्या भट्टीवरच्या मुकादमाशी लग्न करून निघून गेली. कुठे, ते कोणालाच कळलं नाही.

"आधी तिचं माफीचं पत्र येऊ दे, मग दार उघडेन!" साहेब गरजले.

पत्र काही येईना. साहेब रोज मला टेबलावर उलटी करून झटकायचे.

एके सकाळी बाईसाहेबांनी, म्हणजे लेडी विनिफ्रेडनी, चमचा खाली ठेवला. "ऑल्डस, किल्ली तुझ्याकडेच असते. पोरीची पत्रं कुठे दडवतोस?"

"मी? देवाशपथ, एकही आलेलं नाही!"

"मग काय थैलीने गिळली?"

"त्या पेटिफरबाईला विचार. तिची नजर मला कधीच सरळ वाटली नाही."

मला वाटलं, साहेबच लबाड. झटकणं म्हणजे नुसतं नाटक. मिस पेटिफरबद्दल गावात कुजबुज सुरू झाली आणि ती बिचारी नोकरी सोडून बहिणीकडे गेली. इकडे नवरा-बायको टेबलाच्या दोन टोकांना बसू लागले.

"ग्रिमली, साहेबांना सांग, मुरंबा संपलाय."

ग्रिमली तेच वाक्य दहा पावलं चालून साहेबांना ऐकवी. असं अकरा वर्षं चाललं. या सगळ्यात माझ्याकडे कोण बघणार? पूर्वी मला मेण चोळून चमकवत. अस्तराची शिवण तर सेसिली गेली त्याच सुमारास उसवली होती, पण कुणी सुई घेतली नाही. डाव्या कुशीत काहीतरी टोचायचं. म्हातारपण असेल, म्हणून मी गप्प बसले.

गेल्या हिवाळ्यात साहेब वारले. बाईसाहेबांनी अखेरपर्यंत त्यांचं खरं मानलं नाही. वसंतात ग्रिमलीने मला चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीसाठी बाहेर काढलं. धूळ पुसताना त्याचा हात फाटक्या अस्तरात गेला.

"बाईसाहेब..." त्याने एक पिवळं पडलेलं पाकीट पुढे केलं. आत सेसिलीचं पत्र होतं.

'बाबा, चुकले. गुरुवारी चारच्या गाडीने येते आहे. माफ केलं असेल तर स्टेशनवर बग्गी पाठवा. बग्गी नसली तर मी समजून जाईन आणि परत फिरेन. पुन्हा त्रास देणार नाही.'

बाईसाहेब समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिल्या. "ऑल्डस, तू खरं बोलत होतास रे," एवढंच म्हणाल्या आणि हमसून रडल्या.

मित्रांनो, चोर मीच होते. साहेब नाहीत, मिस पेटिफर नाही, ग्रिमली तर नाहीच. सगळ्यांवर डोळे वटारणारी मी, माझीच कूस मला तपासता आली नाही. म्हणून विनवते, वस्तूची शिवण उसवली तर त्याच दिवशी शिवा. आणि काही हरवलं तर माणसांकडे बोट दाखवण्याआधी अस्तर चाचपून बघा.

मला नवे टाके पडले. बाईसाहेबांनी दोन पत्रं माझ्यात टाकली. एक मिस पेटिफरची माफी मागणारं. दुसरं, सेसिलीच्या पत्रावरच्या जुन्या पत्त्यावर: 'गुरुवारी चारच्या गाडीने ये. मी स्वतः स्टेशनवर उभी राहीन.'

गुरुवारी संध्याकाळी दिवाणखान्यात कुणीतरी ओले हातमोजे माझ्यावर ठेवले. केस पिकू लागलेली सेसिली.

"आई, बाबांनी माझी कधी आठवण काढली?"

"रोज सकाळी," बाईसाहेब म्हणाल्या. "ही थैली उलटी करून झटकायचे."

सेसिलीने माझ्यात हात घातला आणि डाव्या कुशीतले नवे टाके हळूच चाचपून पाहिले.