कोणीच जात नाही ती जागा

"काका, नकाशा बघितल्याची सही इथं करायची," नकाशावाली मॅडम म्हणाली आणि तिनं पेन होडीवाल्या तांडेलाच्या हातात दिलं.

तांडेलानं पेन धरलं खरं, पण नजर टेबलावरच्या नकाशावरून हलेना. नकाशा केवढा, तर दोन खाटा जोडून वर चादर अंथरावी तेवढा. एका कडेला आपला किनारा, दुसऱ्या कडेला पलीकडच्या देशाचा, आणि मधल्या समुद्राचे रंगीत तुकडे पाडलेले. इथं पवनचक्क्या, इथं मासेमारी, इथून मोठी जहाजं. दोन सरकारांनी दीड वर्ष एकत्र बसून ही वाटणी केली होती. काम वाईट नव्हतं. सख्ख्या भावांना दोन खोल्यांची वाटणी जमत नाही, यांनी समुद्राची केली.

पण जहाजांचा लाल पट्टा कुठून गेलाय ते तांडेलानं बघितलं आणि तो नकाशावर आणखी वाकला. पट्टा बरोबर त्याच्या खडकावरून गेला होता.

हा खडक पाण्याखालचा. वरून बघाल तर नुसतं पाणी. पण त्याच्या कुशीत बारा महिने मासा बसतो. बापानं तांडेलाला दाखवला, तांडेलानं थोरल्या मुलीला. होडी आता तीच चालवते, आणि बापापेक्षा बरी चालवते. आपल्या बंदरात तिसऱ्या कोणाला ठावठिकाणा नाही. समुद्रावरच्या माणसाला मासा कुठं मिळाला असं विचारलं, तर खरं सांगायचं नसतं. देवाला सांगा, मेव्हण्याला नाही.

आणि तिथंच तर घोटाळा झाला होता. सहा महिन्यांपूर्वी याच खोलीत मॅडमनं विचारलं होतं, "तुम्ही जाळं कुठं टाकता? नकाशावर बोट ठेवा." भोवती अख्खं बंदर माना लांब करून उभं. मेव्हणा तर खांद्यावर हनुवटी टेकायचाच बाकी होता. तांडेलाचं बोट आपसूक आठ मैल खाली गेलं, जिथं चिखलाशिवाय काही नाही. साठ वर्षांची सवय ती. घरी येऊन गालातल्या गालात हसलाही होता.

"मॅडम, हा पट्टा नेमका इथूनच कसा हो?"

"ही तर सगळ्यात सोपी जागा होती, काका. बाकी प्रत्येक तुकड्यावर भांडणं झाली. पण इथं कोणीच जात नाही, असं दोन्हीकडच्या मच्छीमारांनी सांगितलं. दोन देशांचं एकमत झालेली ही एकच जागा."

दोन्हीकडच्या! तांडेलानं मान वर केली. टेबलाच्या पलीकडे टोपीवाला बसला होता. पलीकडच्या देशाचा. तीस वर्षं दोघं त्याच खडकावर, हा या अंगाला, तो त्या अंगाला. भाषा येत नाही, म्हणून नुसता हात वर करायचा. आज टोपीवाल्यानं टोपी काढून हातात पिळायला घेतली होती. चेहरा पांढराफटक. त्यानंही आपलं बोट भलतीकडंच ठेवलं होतं तर!

"मॅडम, तिथं होड्या जातात," तांडेल म्हणाला.

"कोणाच्या?"

मेव्हणा पुढं सरकला. "कोण जातं हो दाजी तिकडं? भुतं?" लोक हसले.

"मी जायचो. आता थोरली जाते."

हसू विझलं. मेव्हण्याचा जबडा खाली आला. "चाळीस वर्षं मला खाली चिखलात पाठवलंत होय! बहीण दिली तुम्हाला!"

मॅडमनं मात्र मान हलवली. "पण काका, प्रत्येक होडीवर यंत्र आहे. होडी जाईल तिथं आमच्या पडद्यावर ठिपका उमटतो. तीन वर्षांच्या नोंदी काढल्या. त्या जागी एकही ठिपका नाही."

"तिकडं वळलं की यंत्र बंद करतो आम्ही."

"का?"

"ठिपका बाकीच्यांनाही दिसतो ना."

मॅडम खुर्चीत बसली. आवाज एकदम उतरला. "अहो, मग जहाजांना पण दिसत नाही."

टोपीवाला त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला. दुभाष्यानं खाली बघत सांगितलं, "हे म्हणतात, आम्ही पण बंद करतो. यांचा मुलगा असतो तिथं."

"सोमवारपासून जहाजं सुटतात," मॅडम म्हणाली. "नकाशा बदलायचा तर दोन्ही सरकारं परत बसायला हवीत. वर्ष जाईल."

तांडेलानं पेन टेबलावर ठेवलं आणि सही न करताच तो उठला.

घरी थोरली अंगणात जाळं विणत होती. सगळं ऐकून घेतलं, हात काही थांबला नाही. "म्हणजे जागा सोडू?"

"सोडू नको. यंत्र चालू ठेव."

"आणि सगळ्या बंदराला नेमका पत्ता देऊ? बाबा, हे तुम्ही सांगताय? आईलासुद्धा सांगितलं नव्हतंत."

"मला ठाऊक आहे तो खडक," आतून आवाज आला. "झोपेत बडबडतात."

एरवी तिघं खळखळून हसली असती. आज थोरलीनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

सोमवारी धुकं असं, की समोरचा खांब दिसेना. थोरली न सांगताच निघून गेली होती. तांडेल बंदरावरच्या रेडिओ खोलीत जाऊन उभा राहिला. पडद्यावर उत्तरेकडून एक जाड बाण सरकत होता. जहाज. वाटेत काही नव्हतं.

"याला सांग, पुढं होडी आहे."

"कुठं आहे, काका? पडदा तर कोरा आहे," रेडिओवाला म्हणाला.

"आहे तिथं. माझी पोरगी आहे."

"असं तोंडी सांगण्यावर जहाज वळवत नाहीत हो."

बाण सरकला. आयुष्यभर ज्या खडकाकडं कोणाची नजर जाऊ नये म्हणून जपलं, त्याच्याकडं तांडेल आता डोळे फाडून बघत होता. काही नाही. बाण आणखी सरकला.

मग ठिपका लागला. एवढासा. मिनिटभरात त्याच्या समोर दुसरा, पलीकडच्या अंगाला.

रेडिओवाला ताडकन उठला आणि माइकवर ओरडू लागला. एवढं धूड काय लगेच वळतं? बाण तसाच सरळ येत राहिला. चार मिनिटं. मग टोक जरासं कललं, आणखी कललं, आणि दोन ठिपक्यांना बोटभर अंतर ठेवून निघून गेलं.

रेडिओवाल्यानं घाम पुसला. तेवढ्यात पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून, बंदरातून, ठिपके सुटू लागले. पाच, आठ, बारा. सगळ्यांची तोंडं खडकाकडं. सगळ्यात पुढं मेव्हण्याची होडी.

"आता हे सगळे कुठं निघाले एवढ्या धुक्यात?"

तांडेलानं ठिपके परत मोजले.

"पोरगी सुखरूप आहे, काका. घरी जा."

"आज अजून किती जहाजं आहेत?"

"संध्याकाळपर्यंत अकरा."

तांडेलानं भिंतीकडची खुर्ची ओढली, पडद्यासमोर ठेवली आणि बसला.