शेपूट टाकलेला जंतू

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखायचं काम ती अकरा वर्षं करत होती, आणि गेले सात महिने तिच्या टेबलावर सख्ख्या भावाचे नमुने येत होते.

दादा सोफ्यांना कापड चढवायचा. एकट्याने कोच पाठीवर घेऊन जिना चढणारा गडी, आता सेहेचाळीस किलोवर आला होता. ताप, जुलाब, औषधाने आठ दिवस बरं, की पुन्हा अंथरूण.

पहिल्या महिन्यात जंतू ओळखायला वेळ लागला नव्हता. या जंतूला पोहायला बारीक शेपट्या असतात. त्या शेपटीला चिकटणाऱ्या सिरमचा थेंब काचपट्टीवर टाकताच फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या. मऊ जेलीच्या नळीत सुईने टोचला, तर दुसऱ्या दिवशी अख्खी नळी गढूळ. पठ्ठ्या पोहत सगळीकडे पोचला होता.

पाचव्या महिन्यात गुठळ्या झाल्याच नाहीत. नळीतही टोचल्याची रेघ तेवढी उमटलेली, बाकी जेली स्वच्छ. नियमाप्रमाणे अजून दोन चाचण्या करायच्या होत्या, पण तिच्या मनाने निकाल देऊन टाकला होता. एरवीही पोटात असणारा निरुपद्रवी जंतू असेल हा, असं धरून तिने लिहिलं, ‘रोगजंतू आढळला नाही.’ खाली सही केली आणि आधी वहिनीला फोन लावला. वहिनी फोनवरच रडली. औषधं थांबली.

अठरा दिवसांनी दादा कारखान्यात कापड बेतता बेतता कोसळला. पोटातून रक्त जात होतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी शीतपेटीतून पहिल्या आणि पाचव्या महिन्याचे दोन्ही नमुने काढले आणि आठवडाभर स्वतः शेजारी शेजारी तपासले. मग तिला आत बोलावून दार लावून घेतलं.

“हा तोच आहे,” त्या म्हणाल्या.

“तो कसा असेल, मॅडम? हा पोहत नाही.”

“शेपटीचं प्रथिन बनवणं बंद झालंय त्याचं. वरचं आवरणही बदललंय. तुझ्या भावाचं शरीर त्याला शेपटीवरून ओळखून मारत होतं. लाखोंत चार-दोन बिनशेपटीचे निघाले, ते वाचले. त्यांचीच पिलावळ ही. शरीराला सापडेना.”

“आणि मलाही,” ती म्हणाली.

मॅडम नाही म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “त्या दोन चाचण्या केल्या असत्यास तर सापडला असता.”

वॉर्डात दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. वहिनी पायाशी बसून त्याच्या पिंढऱ्या चोळत होती. धाकटीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सहीसकट.

दादा कुशीवर वळला. “म्हणजे तो माझ्याकडे घरजावई झाला म्हण की.”

“दादा, हसू नकोस रे.”

“रडायलाही ताकद लागते, धाकटे.”

वहिनीने तिच्याकडे पाहिलंही नाही. चोळणारे हात तेवढे थांबले होते.

जंतूने पित्ताच्या पिशवीत ठाण मांडलं होतं आणि तिथवर औषध पुरेसं पोचत नव्हतं. पिशवी काढणं हा एकच मार्ग उरला होता. सर्जन तयार होईनात. “एवढ्या अशक्त माणसाला भूल कशी द्यायची? टेबलावरच गेला तर?” ती तीन दिवस त्यांच्या दाराशी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिने चक्क त्यांची बाही धरली. “तसाही जाणारच आहे तो,” ती म्हणाली, आणि आपल्या तोंडून हे निघालं म्हणून तिचं तिलाच भडभडून आलं.

ऑपरेशनला चार तास लागले. मध्येच रक्तदाब पार खाली गेला. एक नर्स धावत बाहेर आली, रक्ताच्या पिशव्या घेऊन आत गेली. कोणाला काही विचारायची सोय नव्हती. बाकाच्या एका टोकाला वहिनी, दुसऱ्या टोकाला धाकटी, मध्ये दोघींच्या पिशव्या.

दादा वाचला. तीन दिवस श्वासाच्या यंत्रावर होता. अकराव्या दिवशी ताप उतरला. त्याने दोन घास पातळ भात खाल्ला आणि तेवढ्यानेच दमून डोळे मिटले. जंतू गेला की नाही हे महिनोन्महिने नमुने तपासल्याशिवाय कळणार नव्हतं.

वहिनी धाकटीच्या मागून व्हरांड्यात आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलली.

“यांचे नमुने आता कोण बघणार?”

“मॅडम. मीच त्यांना तसं सांगितलंय.”

“बरं केलंस,” वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता, माया तर नव्हतीच. घटकाभर ती तिथेच कठड्याला टेकून उभी राहिली. मग आतून दादाने पाणी मागितलं, तशी ती लगबगीने आत गेली. धाकटी प्रयोगशाळेचा जिना उतरू लागली. टेबलावर दुसऱ्या कुणाकुणाच्या घरचे बावीस नमुने तिची वाट पाहत होते.