थोरली घरी येते

अनुजानं पडद्यावरचे दोन हात गळ्यापाशी आणून थांबवले. हात हिरव्या इरकली पदराखालून पुढं आलेले, गळा चुलीपुढं पाठमोऱ्या बसलेल्या राजनंदिनीचा, म्हणजे तिच्या चुलतभावाच्या बायकोचा. बोटं गळ्यातल्या दोऱ्याला टेकायला निमिषभर उरलं होतं. तिथंच तिनं दृश्य कापलं आणि पुढं नुसता काळोख जोडला.

"बास! हितंच संपव," मागं उभे असलेले उदयसिंह म्हणाले. "बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागला पायजे. भुतानं भुतासारखंच वागावं."

उदयसिंहांचा स्टुडिओ राजारामपुरीतल्या एका गल्लीत, डोळ्यांच्या दवाखान्याला चिकटून होता. लग्न असो, बारसं असो, शूटिंग त्यांचं आणि जोडणी अनुजाची. कोल्हापुरातल्या कितीतरी नवऱ्या मुली तिच्या हाताखालून सासरी गेल्या होत्या आणि फोटोत आलो नाही म्हणून रुसलेले मामा-काका तर तिच्या स्वप्नातसुद्धा यायचे. पण 'थोरली' ही छोटीशी फिल्म तिची स्वतःची होती. कुणाच्या लग्नाची नव्हे, कुणाच्या सांगण्यावरून केलेली नव्हे.

ती फिल्म आज 'सावट'ला पाठवायची होती. 'सावट' म्हणजे भुताखेतांच्या आणि अद्भुताच्या फिल्मांचा महोत्सव. चार वेडी मुलं पदरमोड करून तो डोंगरातल्या एका गावात भरवायची आणि मोठ्या कंपन्यांना दारातही उभं करायची नाहीत. पाठवायची मुदत आज संध्याकाळी संपत होती. अनुजाला बक्षिसाचं काही पडलं नव्हतं. अनोळखी माणसांनी अंधारात बसावं आणि आपल्या आईच्या नावानं एकदा तरी दचकावं, एवढंच तिला हवं होतं.

आई, शालन, गेली तेव्हा अनुजा नुकती चालायला लागली होती. आईचा चेहरा तिला आठवत नाही, आवाज तर नाहीच. वर्षभरात वडिलांनी दुसरं लग्न केलं. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक, म्हणजे ठसवलेली छोटी प्रतिमा, गळ्यात घालायचा, सणासुदीला आधी तिचा घास काढायचा आणि मग आपण जेवायचं, ही रीत कागलच्या त्या घरात अजून पाळतात. थोरली रुसली तर धाकटीचं काही धड होत नाही म्हणे. आलेल्या बाईचं नाव क्रांती. 'आई म्हण, आई म्हण' म्हणून पाहुण्यारावळ्यांनी अनुजाचा पिच्छा पुरवला, पण तिची जीभ काही वळली नाही. घरातले लहान दीर तिला आक्का म्हणायचे, तेच अनुजानं उचललं.

आक्कानं तिला कधी उपाशी निजवलं नाही, कधी हात लावला नाही, आणि डेअरीला म्हशींचं दूध घालून तिला कोल्हापुरात शिकायला ठेवलं. तरी अनुजाच्या मनातली अढी सुटली नाही. आपली आई कुणाच्या तरी गळ्यात लोंबकळते आहे आणि तिचं घर भलतीच बाई चालवते आहे, हे तिला लहानपणी कधीतरी खुपलं ते खुपलंच. फिल्म तिनं त्या रागात लिहिली. थोरली कातरवेळी उसातून घरी येते, चुलीपुढं बसलेल्या धाकटीच्या मागं उभी राहते आणि तिच्या गळ्यातला टाक ओरबाडायला हात पुढं करते. झाली गोष्ट.

गंमत म्हणजे, थोरली व्हायला तयार झाली ती आक्काच. नाटकात काम करणारी एक बाई ठरली होती, पण मेलेल्या सवाष्णीचं काम नको म्हणून तिनं आयत्या वेळी अंग काढून घेतलं.

"मी होतो की थोरली," आक्का म्हणाली होती. "मला न्हाय यायची व्हय?"

तिनं ट्रंकेतून शालनची हिरवी इरकली साडी काढली. इतकी वर्षं ती कडुनिंबाचा पाला बदलून बदलून जपली होती, हे अनुजाला त्या दिवशी कळलं. साडी नेसून आक्का अंगणात आली आणि गळ्यातला टाक काढून पुढं धरला.

"थोरलीच्या गळ्यात थोरलीचाच टाक कसा असंल? धर."

टाक भुईवर ठेवत नाहीत. म्हणून आक्कानं तो अनुजाच्याच गळ्यात अडकवला. धाकटी झालेल्या राजनंदिनीला पत्र्याचा खोटा टाक घातला होता.

उसाच्या गळिताचे दिवस होते. कारखान्याकडून मळीचा आंबूस-गोड वास येत होता आणि पेटवलेल्या पाल्याचा धूर रानावर पसरून तसाच तरंगत राहिला होता. त्या धुरातून हिरवी साडी हळूहळू चालत आली. भिंगाला डोळा लावून बसलेल्या अनुजाला क्षणभर काही उमगेना. ही कोण येते आहे, आपण केवढ्या आहोत, आपल्याला उचलून घ्यायला कुणी वाकेल की काय, असं काहीबाही तिच्या मनात आलं. छातीवर चांदीचा थंड तुकडा टेकला होता. साडी अगदी जवळ आली तेव्हा आतला चेहरा आक्काचा झाला, आणि अनुजाला तिचा पुन्हा राग आला.

पण घरात शिरल्यावर भुताचं भान सुटलं. चुलीवरचं दूध उतू जातं आणि थोरली ढिम्म उभी राहून बघते, असं लिहिलं होतं. दूध वर आलं, की आक्का पुढं होऊन पदरानं पातेलं उतरवायची.

"आक्का, तुम्ही मेलाय!" खिडकीबाहेरून अनुजा ओरडायची.

"मेलो म्हणून काय झालं? डोळ्यांदेखत दूध उतू चाललंय की!"

शेवटी दुधाऐवजी पिठाचं पाणी उकळत ठेवलं, तेव्हा कुठं भूत जागेवर उभं राहिलं. हात पुढं आले, गळ्यापाशी पोचले. अनुजानं 'झालं!' म्हणून हाक दिली आणि कॅमेरा तसाच चालू ठेवून अंगणात सामान आवरायला गेली. लग्नाचं शूटिंग करणारी माणसं कॅमेरा लगेच बंद करत नाहीत. नेमकं त्यानंतरच कुणीतरी रडतं. थोड्या वेळानं राजनंदिनी डोळे पुसत बाहेर आली. चुलीच्या धुरानं असेल, असं अनुजाला वाटलं.

स्टुडिओचं दार ढकलून कुणीतरी आत आलं. आक्का होती. शेजारच्या दवाखान्यात तिनं डोळे दाखवून घेतले होते आणि तिथल्या बाईनं तिला हाताला धरून इथवर आणून सोडलं होतं.

"थेंब घातल्यात डोळ्यात," ती भिंत चाचपत म्हणाली. "समदं धुक्यात गेलंय बघ. तू कुठं हायस?"

"हितं आहे. बसा, ही खुर्ची."

"या वैनी," उदयसिंह म्हणाले. "हिरॉइन आली म्हणायची! तुमचाच पिक्चर चाललाय."

आक्का खुर्चीच्या कडेवर बसली, मांडीवर पिशवी घेऊन. पडद्याकडं तोंड करून तिनं डोळे बारीक केले.

"नुसता उजेड हलतोय. आवाज लाव, म्हंजे कळंल काय चाललंय."

आवाज तर नव्हताच. लग्नाच्या व्हिडिओत भटजी, भांडी, रुसवेफुगवे कुणाला ऐकायचे असतात? मूळ आवाज बंद करून वर गाणं टाकायचं, ही अनुजाच्या हाताची सवय. 'थोरली'त तर कुणी बोलतच नव्हतं, म्हणून तिनं मूळ आवाज एकदाही न ऐकता बंद केला होता आणि वर एक घुमणारा सूर टाकला होता. पण आक्काला त्या घुमण्यातून काय कळणार? अनुजानं न कापलेले शॉट काढले, त्यांचा आवाज खुला केला आणि ओळीनं सुरू केले.

माइक आक्काच्या पदराला लावलेला होता. आधी तिचा श्वास ऐकू आला. मग पाल्यावर पडणारी पावलं, लांब कुठंतरी ट्रॅक्टरवरचं गाणं, उंबऱ्यापाशी थबकणं. आक्का डोकं जरा तिरकं करून ऐकत होती.

"ही माझीच पावलं व्हय?" ती हसली. "लई दमल्यावानी चालतोय की मी."

पिठाचं पाणी खदखदलं. हात पुढं आले. अनुजानं जिथं कापलं होतं ती जागा मागं पडली, लांबून तिचीच हाक आली, 'झालं!' आता हात मागं घ्यायला हवे होते. ते घेतले गेले नाहीत. ते राजनंदिनीच्या डोक्यावर गेले, घसरलेला पदर त्यांनी नीट केला आणि तिथंच राहिले. मग अगदी जवळून, श्वासाएवढा आवाज आला.

"बरं सांभाळलंस गं पोरीला. लई बरं सांभाळलंस."

पुढं नुसती चूल तडतडत होती.

उदयसिंह "च्या सांगून येतो," म्हणाले आणि बाहेर गेले. आक्काची बोटं पिशवीच्या बंदावर घट्ट झाली होती.

"ते काढून टाक," ती म्हणाली. "कॅमेरा बंद झालाय म्हणून बोललो मी."

"कुणाला बोललात?"

"मलाच की." आक्का पडद्याकडं न बघता बोलत होती; पडदा नेमका कुठं आहे हेही तिला कळत नव्हतं. "तिची साडी अंगावर हुती. म्हटलं, ती आता खरंच आली तर मला काय म्हणंल? कुणी कधी म्हटलं न्हाय बघ. न तुझ्या बानं, न पावण्यांनी. मग तिच्या तोंडनं मीच बोलून घेतलं."

अनुजाचं नाव तिनं घेतलं नाही. ते न घेणंच अनुजाला जास्त लागलं.

"आणि तू हे का लिवलंस, ते ठावं हाय मला," आक्का म्हणाली. "असू दे. आई गेलेल्या लेकरानं एवढा तरी राग धरावाच. पर तिचा हात म्हणून दुसऱ्याच कुणाचा हात धाकटीच्या गळ्याला लागणार, त्यापरीस मी उभी ऱ्हातो म्हटलं."

अनुजाला लाज वाटली. एवढी लाज तिला कधी वाटली नव्हती, आणि तोंड लपवायला त्या चिंचोळ्या खोलीत जागाही नव्हती. आक्काला आपण धुक्यात दिसतो आहोत, याचंच तिला बरं वाटलं.

उदयसिंह चहा घेऊन आले.

"मुदत संपत आली, अनुजा. माझं ऐक, हातापाशीच काप. हे बोलणं ठेवलंस तर भीती गेली. भुताच्या महोत्सवात भूतच न्हाय म्हणून परत पाठवतील."

"त्यांचं ऐक," आक्का म्हणाली. "भ्या वाटंल तेच पाठव. तुझं नाव हुईल."

अनुजानं शेवटी जोडलेला काळोख पुसला. शॉट ओढून टोकापर्यंत आणला. घुमणारा सूर काढून टाकला आणि सगळ्या फिल्मला मूळ आवाज दिला: श्वास, पाला, चूल आणि ती दोन वाक्यं. मग महोत्सवाचं पान उघडलं. फिल्म कोणत्या प्रकारातली, भयाची की अद्भुताची, असं तिथं विचारलं होतं. ती थोडा वेळ त्या दोन शब्दांकडं बघत बसली. मग तिनं 'अद्भुत' निवडलं, आणि मागून बघणाऱ्या उदयसिंहांनी तिचा चहा पुढं सरकवला. फिल्म जाऊ लागली. पडद्यावरची निळी रेघ मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होती.

"गेलं का?" आक्कानं विचारलं.

"जातंय."

बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. काचेतून आलेलं ऊन आक्काच्या तोंडावर पडलं होतं आणि ती डोळे मिटून बसली होती. अनुजाला वाटलं, झोप लागली असेल.

"अनू," आक्का म्हणाली, "खरं सांग. ती असं बोलली असती का गं? का मी उगंच तिच्या तोंडात घातलं? मेलेल्या माणसाच्या नावानं खोटं बोलल्याचं पाप तर न्हाय ना लागायचं?"

अनुजाचे हात मांडीवर पडले होते. आईचं काहीच तिच्याजवळ नव्हतं, ज्याला विचारून सांगावं. तिनं खुर्ची आक्काकडं वळवली.

"ती मला आठवतच न्हाय, आक्का. तिच्या मनातलं मी काय सांगू? पर ते बोलणं खोटं न्हाय. मी होते की त्या घरात."

आक्कानं डोळे उघडले आणि आवाजाच्या दिशेनं बघत राहिली. पडद्यावरची निळी रेघ तेव्हा टोकाला पोचली होती, पण दोघींपैकी कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं.