जळगावातून चाललेला बाण

चिखलीत वाहेदभाईंचं बियाण्याचं दुकान होतं. दुकानातला कॉम्प्युटर त्यांची सून मलिहा सांभाळायची. विकलेल्या प्रत्येक पिशवीच्या लेबलाचा आणि पावतीचा फोटो ती त्यात ठेवी. वाहेदभाई त्या यंत्राला हातही लावत नसत.

गुलाबी बोंडअळीच्या साली मलिहा बाळंतपणाला माहेरी, जळगाव जामोदला गेली होती. तेव्हा एके दुपारी नारायणराव दुकानात आले. याच दुकानातून नेलेल्या बियाण्याची त्यांची उभी बीटी कपाशी अळीनं पोखरली होती. तक्रारीच्या अर्जावर बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर पाहिजे होता, आणि रिकामी पिशवी तर त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, कधीच चुलीत घातली होती. उद्या पाहणीला कृषी खात्याचे साहेब येणार होते.

वाहेदभाईंनी सुनेला फोन लावला. ती म्हणाली, तुम्ही फक्त कॉम्प्युटर चालू करा, मी सांगते तिथे टिचकी मारा आणि पडद्यावर येईल तो नंबर वाचा. बाकी मी भावाच्या कॉम्प्युटरवरून बघते. त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा सावकाश वाचला.

थोड्या वेळानं पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. एकामागून एक कप्पे उघडत गेले. नारायणराव खुर्चीत मागे सरकले.

"कोन चालवून राह्यलं हे?"

"सून आहे. जळगावात बसून."

लेबल सापडलं. बाण छपाईच्या चिन्हावर येऊन थांबला. फोनवर मलिहा हळूच म्हणाली, "अब्बा, पावतीवर आपल्या दुकानाचं नाव आहे. कंपनी नाराज होईल. प्रिंट काढू?"

वाहेदभाईंनी कॉम्प्युटरच्या बटणाकडे पाहिलं. त्या कंपनीची पंधरा वर्षांची एजन्सी होती. नुसतं बटण बंद केलं असतं, तर लाइट गेली म्हणून सांगता आलं असतं. पण हे बियाणं चांगलं आहे, असं त्यांनीच नारायणरावांना सांगितलं होतं.

"काढ बेटा," ते म्हणाले. "दोन काढ. एक मी घेऊन त्यांच्या वावरात जातो."

दुसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर उभे राहिले आणि बियाणं आपल्याच दुकानातलं असल्याचं त्यांनी सांगितलं. तक्रार नोंदली गेली. पुढच्या हंगामाआधी कंपनीनं एजन्सी काढून घेतली. वाहेदभाईंनी तूर-सोयाबीनचं बियाणं आणलं. धंदा निम्म्यावर आला, तरी ते दुकान वेळेवर उघडत राहिले. मलिहा लेकीला घेऊन परतली, तेव्हापासून नातीला मांडीवर घेऊन गल्ल्यावर बसायची त्यांना सवयच लागली.